राखायचे काय, सोडायचे काय

नंदुरबारच्या मिरची बाजाराचे नाव आपण ऐकले असेल. पावसाळा सरला की ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि पुढे होळीपर्यंत शहराबाहेरची मोकळी माळराने तांबडी होऊन जातात. बाजार समितीत बोली लागते, व्यापारी ओला माल घेतो, पथारीवर उन्हात पसरतो, वाळला की बायांकडून देठ खुडून घेतो आणि पोती भरून पुढे धाडतो. मधले काही आठवडे त्याचे सारे भांडवल आभाळाखाली उघडे असते. अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली, की मालाचा रंग जातो आणि रंगाबरोबर भावही. अशा धंद्यातील माणसांना निद्रानाश आणि रक्तदाब हे सोबती नवे नाहीत.

तरीही, वाचकहो, गेली बारा वर्षे अशा एका पेढीच्या गादीवर बसल्यानंतर मी आपणास सांगू शकते, की माणसाची झोप पावसाच्या भीतीने फार दिवस उडत नाही. पाऊस पडून जातो, नुकसान मोजता येते, आणि मोजलेले नुकसान माणूस पचवतो. झोप खरी उडते ती भोवतालचा समाज बदलू लागला आणि त्या बदलात आपली जागा कोणती हे कळेनासे झाले म्हणजे. अशा काळात उद्योग चालवणाऱ्याने अंतर्बल आणायचे कोठून, या प्रश्नाविषयी येथे लिहीत आहे. मी वैद्य नाही, मानसशास्त्रही शिकलेले नाही. जे लिहिते आहे ते पेढीवर, घरात आणि रक्तदाबाच्या यंत्रासमोर बसून उमगलेले आहे.

आधी आमच्या भागाविषयी दोन शब्द. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुड्याच्या कुशीत आणि तापीच्या काठी वसलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा असे अनेक समाज येथे पिढ्यानुपिढ्या राहत आले. पेढ्या, बाजारपेठा आणि मोठी शेती मात्र बहुतांशी इतरांच्या हाती राहिली. गादीवर कोणी बसायचे आणि दाराशी कोणी उभे राहायचे, हे जणू ठरूनच गेलेले होते. ते ठरलेपण १९७२ साली शहाद्यात मोठ्याने प्रश्नांकित झाले. श्रमिक संघटनेने भूमिहीन शेतमजुरांच्या मजुरीचा आणि हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न मांडला. त्या चळवळीतील स्त्रियांनी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध मोहीम उघडली. आज त्या मजुरांची नातवंडे महाविद्यालयात शिकतात, हिशेब वाचतात आणि प्रश्न विचारतात. समाज बदलतो म्हणजे काय होते, हे पाहायला आम्हाला दूर जावे लागत नाही. ते सकाळी नऊ वाजता पेढीच्या पायरीवर येऊन उभे राहते.

आमच्या पायरीवरही ते असेच एके सकाळी आले. त्याआधी सांगायला हवे, की यजमानांना पक्षाघाताचा सौम्य झटका आल्यावर मी पेढीवर येऊ लागले. बाजारात गादीवर बसणारी बाई, हाच तेव्हा एक बदल होता. बोलीच्या वेळी माझ्याकडे न पाहता माझ्या मुनीमजींशी बोलणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिले. त्याची सवय होते न होते, तोच एका हंगामात देठ खुडणाऱ्या एका बाईंची मुलगी मला भेटायला आली. ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. आवाज शांत, पण पाय घट्ट रोवलेले.

“काकू, दोन गोष्टी सांगायच्या आहेत,” ती म्हणाली. “तुमच्या हजेरीच्या वहीत ‘बाया चौदा’ एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या आईचं नाव लिहा आणि तिची मजुरी मुकादमाऐवजी तिच्या हातात द्या. आणि तिला ‘ए बाई’ म्हणू नका. तुम्ही म्हणा.”

मी तिला बसायला सांगितले. ती बसली आणि जाताना आणखी एक गोष्ट सांगून गेली. तिच्या पणजोबांनी मोरवडला जाऊन गुलाम महाराजांचे दर्शन घेतले होते. तेव्हापासून त्यांच्या घरात लहान मुलालाही ‘आप’ म्हणायची चाल होती. “म्हणजे हे मी नवीन मागत नाही,” ती म्हणाली.

मोरवड हे तळोदा तालुक्यातले गाव. तेथे १९३८ साली गुलाम महाराजांनी आरतीच्या निमित्ताने आदिवासी समाजात एक विलक्षण जागृती घडवली. स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, दारू सोडा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारा, एवढी साधी ती शिकवण. महाराज त्याच वर्षी निवर्तले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालवले. मला या इतिहासातील एक गोष्ट सतत विचार करायला लावते. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, सत्ता नव्हती, दवाखाना नव्हता, त्या माणसांनी आत्मबळ मिळवण्याची सुरुवात केली ती काहीतरी सोडण्यापासून. आणि हाकेतला आदर, जो जगाने त्यांना दिला नव्हता, तो त्यांनी आधी एकमेकांना देऊन टाकला.

आता पेढीवर काय झाले ते ऐका. मुलीच्या दोन मागण्यांपैकी पहिलीत धंद्याची जोखीम होती. मुकादम दुखावला तर ऐन हंगामात बाया घेऊन दुसऱ्या पेढीवर जाईल, हे उघड होते. दुसऱ्या मागणीला एक पैसाही लागत नव्हता. आश्चर्य असे, की पेढीवर खळबळ माजली ती या दुसऱ्या, बिनपैशाच्या मागणीने. मुनीमजी, जे यजमानांच्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे आहेत आणि ज्यांच्या प्रामाणिकपणावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते, ते दुपारी जेवले नाहीत. “वहिनी, नाव लिहू, मजुरी हातात देऊ,” ते म्हणाले, “पण आज तुम्ही म्हणायचं, मग उद्या त्या उभ्या राहतील आणि आपण बसलेले कसे दिसू?”

त्यांच्या प्रश्नात लबाडी नव्हती, भीती होती. आणि ती भीती माझ्याही शरीरात होती, हे मला त्याच आठवड्यात कळले. रात्री तीनला जाग येऊ लागली. सकाळी जबडा दुखे, कारण झोपेत दात आवळलेले असत. तपासणीत रक्तदाब १५०/९५ निघाला. १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब वारंवार आढळला तर तो उच्च मानतात, हे आपण जाणताच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले आणि विचारले, “पेढीवर काही नुकसान झालंय का?” नुकसान काहीच झालेले नव्हते. त्या वर्षी भाव चांगला होता.

आपल्या शरीराची रचनाच अशी आहे. समोर वाघ उभा राहिला तर हृदय धडधडते, स्नायू ताठरतात, ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात. वाघ गेला की सारे निवळते. पण आपली जागा जाईल की काय, लोक काय म्हणतील, उद्या आपले कोण ऐकेल, असे वाघ जात नाहीत. शरीर दिवसरात्र पहाऱ्यावर उभे राहते आणि ज्या शक्तीने काम करायचे, ती सारी पहाऱ्यातच खर्च होते. म्हणून बदलाच्या काळात उद्योजक म्हणतो, “माझ्यात त्राणच उरलं नाही.” त्राण असते. ते कुठेतरी अडकलेले असते.

जाग्या रात्री काढायच्या म्हणून मी सासऱ्यांच्या कपाटातील पुस्तके वाचू लागले. त्यात जमनालाल बजाज यांच्याविषयी बरेच होते. सासरे त्यांना मानत. व्यापाऱ्याने व्यापारीच राहून काय करता येते, याचा तो त्यांच्या दृष्टीने आदर्श होता. वर्ध्याचे हे व्यापारी १८८९ साली राजस्थानात जन्मले आणि बालपणीच शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. किशोरवयात आजोबा संपत्तीवरून टाकून बोलले, तेव्हा त्यांनी त्या संपत्तीवरचा आपला हक्क लेखी सोडून दिला आणि घराबाहेर पडले. समजूत काढून त्यांना परत आणावे लागले. पुढे व्यापार त्यांनी वाढवलाच, पण ‘हे माझे नाही, मी सांभाळणारा आहे’ ही भावना कधी सुटली नाही. १९२१ साली असहकाराच्या काळात त्यांनी रायबहादूर ही सरकारी पदवी परत केली. १९२८ साली घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर, सनातन्यांचा विरोध असतानाही, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. घरात जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने सोडले. पुढे त्या भूदान आणि कूपदानाच्या कामात उतरल्या आणि १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

ही यादी मी वाचत होते आणि एक गोष्ट ध्यानात येत होती. काळ बदलत असताना या माणसाने प्रत्येक वळणावर काही ना काही स्वतःहून खाली ठेवले आहे. ज्याने वयाच्या विशीआधीच संपत्तीवरचा हक्क मनाने सोडला, त्याला पुढे पदवी परत करताना किंवा मंदिराचे दार उघडताना आपली जागा जाण्याचे भय तेवढे छळणार नाही. त्याची शक्ती पहाऱ्यात अडकलेली नव्हती, म्हणून ती कामाला मोकळी होती. त्यांचे धैर्य कोठून आले, असे मला पूर्वी वाटे. ते बाहेरून आलेले नसून अशा सोडण्यातून मोकळे झालेले असावे, असे आता वाटते. आपण सारे जमनालाल होणार नाही. पण हिशेबाची रीत त्यांच्याकडून घेता येते.

दुसऱ्या संध्याकाळी पेढी बंद झाल्यावर मी रोजमेळीच्या शेवटच्या पानावर उभी रेघ मारली. एका बाजूस लिहिले ‘राखायचे’, दुसऱ्या बाजूस ‘सोडायचे’. राखायच्या बाजूला आले: मालाचा दर्जा, मजुरी वेळेवर, उधारीची मर्यादा, पेढीचा शब्द, यजमानांची औषधे, माझी झोप. मग स्वतःला विचारले, ‘ए बाई’ ही हाक यांपैकी कशाचे रक्षण करते? एकाचेही नाही. ती राखत होती फक्त दरारा. आणि दरारा हे असे भांडवल आहे, की ते रोज मोजावे लागते आणि रोज थोडे कमीच भरते. तो शब्द मी दुसऱ्या बाजूस लिहिला. त्याखाली लिहिले: शेजारच्या पेढ्यांचे मत. त्याखाली बराच वेळ काही लिहवेना. शेवटी लिहिले: मुकादम जाईल ही भीती.

ते पान मी यजमानांना दाखवले. झटक्यानंतर ते मोजकेच बोलतात. त्यांनी पान वाचले आणि म्हणाले, “वही नवीन आण.”

नव्या वहीत चौदा नावे लिहिली. सकाळी बाया नेहमीप्रमाणे हाताला तेल चोळत बसल्या होत्या. मिरचीचा जाळ पाण्याने निवत नाही, कारण ते तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. हे त्यांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक आहे. मी एकेक नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणत हजेरी घेतली. दोघी-तिघी लाजून हसल्या. एक आजी म्हणाल्या, “मला नको तसं, परकं वाटतं.” मुनीमजी चार दिवस माझ्याशी कामापुरते बोलले. मुकादम पाच बायांना घेऊन गेला आणि आमचे देठ खुडण्याचे काम आठवडाभर मागे पडले. त्याच हंगामात अवकाळी पाऊसही आला आणि ताडपत्र्या टाकेपर्यंत बरीचशी मिरची भिजली. ‘तुम्ही’ म्हटल्याने मिरची वाचत नाही, वाचकहो. सद्वर्तनाचे फळ लगेच पदरात पडते अशी कथा मी आपणास सांगणार नाही.

पण त्या पावसाच्या रात्री भिजलेल्या मालाचा अंदाज घेऊन मी घरी आले आणि सहा तास सलग झोपले. कारण त्या रात्री माझ्यापुढे फक्त भिजलेली मिरची होती. तिच्या मागे दुसरे काही दडलेले नव्हते.

हाच अनुभव मला नवापूरच्या एका परिचित कोंबडीपालकांनी वेगळ्या शब्दांत सांगितला. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद नवापूर येथे झाली आणि परिसरातील लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ साली पुन्हा तेच संकट आले. ते म्हणाले, “पहिल्या वेळी पहाटे चारला जाग यायची. रिकाम्या शेडमध्ये जाऊन मी झाडू मारायचो. कोंबड्या गेल्याचं दुःख होतंच, पण खरी आग होती ती वेगळी. बाजारात मोठा शेठ म्हणून चालायचं कसं? ज्या दिवशी सगळ्या देणेकऱ्यांना एकत्र बसवून सांगितलं, की इतकं आहे आणि इतकं देणं आहे, त्या रात्री झोप लागली.” देणे तेवढेच होते. सुटला होता तो मोठेपणाचा पहारा.

आपल्यापैकी कोणी दुकान चालवत असेल, कोणी कारखाना, कोणी शाळा किंवा दवाखाना, तर कोणी केवळ मोठे घर. तेही नेतृत्वच आहे. म्हणून मी जे करते ते थोडक्यात सांगते, आपल्याला मानवेल तेवढे घ्यावे.

संध्याकाळी काम संपल्यावर घरी जाण्यापूर्वी दहा मिनिटे एकटे बसावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. मनात चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते आणि पहाऱ्यावरच्या शरीराला सुटीचा निरोप मिळतो. मग कागदावर ती उभी रेघ मारावी. दिवसभरात ज्या गोष्टीने छाती आवळली, ती लिहावी आणि विचारावे, हे राखण्याजोगे आहे की सोडण्याजोगे? घाईने सारेच सोडायचे नाही. मजुरीची वेळ, मालाचा दर्जा, दिलेला शब्द हे सोडणे म्हणजे शहाणपण नव्हे. पुष्कळदा असे दिसेल, की राखायच्या बाजूला मोजक्याच गोष्टी उरतात. त्यांच्यासाठी लागणारे बळ आपल्याजवळ असते.

तो कागद घरातील एका माणसाला दाखवावा, ज्याला आपल्या धंद्यातून काहीही नको आहे. पेढीवरची ताठरता आपण घरी नेतोच. मुले ती पाहतात आणि मोठेपण म्हणजे आवळलेला जबडा, असे शिकतात. आपण काय सोडले हेही त्यांच्या कानावर जाऊ द्यावे.

आणि एक सावधगिरी. हा कागद गोळीची जागा घेत नाही. माझी रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे. यंत्रावरचा आकडा आता बहुधा १३० च्या आसपास असतो, त्यात गोळीचा वाटा मोठा आहे. छातीत दुखणे, अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा किंवा बधिरता, बोलणे अडखळणे, असे काही झाले तर श्वास मोजत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. यजमानांच्या बाबतीत ती घाई उपयोगी पडली. काही आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे बोलण्यात व्यापाऱ्याची पत कमी होत नाही.

मुनीमजींचा प्रश्न मात्र अजून माझ्याजवळ आहे. त्या उभ्या राहतील आणि आपण बसलेले कसे दिसू? उत्तर मी त्यांना दिले नाही. पुढच्या हंगामात त्यांनीच देठ खुडणाऱ्या बायांसाठी सावलीत चौदा पाट मांडले आणि त्याचा खर्च न विचारता रोजमेळीत लिहिला. मजुरी मात्र अजूनही कमीच आहे असे त्या मुलीचे म्हणणे आहे, आणि तिच्याशी तो हिशेब या दिवाळीनंतर करायचा आहे. तो सोपा जाणार नाही. तेव्हा काय राखायचे आणि काय सोडायचे, याचे पान मला पुन्हा नव्याने लिहावे लागेल. आपणही, वाचकहो, आज रात्री निजण्यापूर्वी आपले पान लिहून पाहावे.